पेंटोज फॉस्फेट मार्ग शिकताना, शिकवताना आणि मोजताना या चुका टाळा

पेंटोज फॉस्फेट मार्ग म्हणजे पेशीत ग्लुकोज वापरण्याची एक आडवाट. त्यावरचं उत्तर तपासायला घेतलं की मी आधी शेवटची ओळ वाचतो. ‘या मार्गातून पेशीला ऊर्जा मिळते’ असं तिथे दिसलं, की वरची सगळी साखळी नुसती घोकलेली आहे हे कळतं. या मार्गात एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणूही थेट तयार होत नाही. मिळतात त्या दोन गोष्टी: एनएडीपीएच, म्हणजे इलेक्ट्रॉन पुरवणारं सहएन्झाइम, आणि डीएनए-आरएनएच्या बांधणीला लागणारी पाच कार्बनची शर्करा.

पण त्याहून खोल चूक वेगळी आहे. ग्लुकोज आत येतं, एकामागून एक एन्झाइमं कामाला लागतात आणि दुसऱ्या टोकाला एनएडीपीएच पडतं, असं गिरणीसारखं चित्र डोक्यात असतं. प्रत्यक्षात हा मार्ग पुरवठ्यावर चालत नाही, मागणीवर चालतो. पहिलं एन्झाइम ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, म्हणजेच जी-६-पीडी, याला काम करायला रिकामं झालेलं एनएडीपी, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन टाकलेलं एनएडीपीएच, लागतं. निवांत पेशीच्या पेशीद्रवात ते फारच थोडं असतं, कारण जवळपास सगळं एनएडीपीएचच्या भरलेल्या रूपात असतं. शिवाय हेच एनएडीपीएच जी-६-पीडीला अडवूनही धरतं. पेशीवर पेरॉक्साइडचा मारा झाला, ते निपटताना एनएडीपीएच खर्च झालं, रिकामं एनएडीपी मोकळं झालं, की अडसर निघतो आणि काही सेकंदांत ग्लुकोज इकडे वळू लागतं. त्याच वेळी ग्लायकोलिसिस या ग्लुकोज फोडण्याच्या मुख्य मार्गातल्या जीएपीडीएच या एन्झाइमचा सिस्टीन (एक अमिनो आम्ल) ऑक्सिडाइज होऊन ते थंडावतं, म्हणून वरच्या शर्करा तुंबतात आणि त्यांनाही हाच रस्ता मोकळा सापडतो.

हे पहिल्यांदा दिसलं ते एका रंगद्रव्यामुळे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बॅरन आणि हॅरप यांनी तांबड्या पेशींत मेथिलीन ब्लू मिसळलं आणि त्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन वापरू लागल्या. तांबड्या पेशीत ऑक्सिजन वापरणारे भाग, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, नसतात, मग हा श्वास कुठून आला? रंगद्रव्य एनएडीपीएच खात होतं आणि मार्ग ती भरपाई करत होता. या कोड्याचा माग काढत ओटो वॉरबुर्ग १९३१च्या सुमारास आज आपण जी-६-पीडी म्हणतो त्या एन्झाइमपाशी पोचले. मागणी वाढवली म्हणून मार्ग सापडला, हे विसरू नये.

एनएडीएच आणि एनएडीपीएच एकाच पंक्तीला बसवू नका

दोघांत फरक एका फॉस्फेटचा, पण पेशी त्यांना दोन वेगळ्या खात्यांत ठेवते. एनएडी (इलेक्ट्रॉन भरले की तेच एनएडीएच) बहुतांशी रिकामं ठेवलं जातं, म्हणजे अन्नरेणूंकडून इलेक्ट्रॉन घ्यायला ते तयार असतं. एनएडीपी बहुतांशी भरलेलं ठेवलं जातं, म्हणजे बांधणीला आणि बचावाला इलेक्ट्रॉन द्यायला ते तयार असतं. ‘दोन्ही क्षपणकारक सहएन्झाइमं’ असं लिहून मोकळं होणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटतो. मग त्याला मेथहिमोग्लोबिनचं उदाहरण द्यावं.

हिमोग्लोबिनमधलं लोह ऑक्सिडाइज झालं की मेथहिमोग्लोबिन बनतं आणि ते ऑक्सिजन वाहू शकत नाही. रोजच्या व्यवहारात ही दुरुस्ती बहुतांशी सायटोक्रोम बी-५ रिडक्टेज करतं, आणि त्याला लागतं एनएडीएच, तेही ग्लायकोलिसिसमधून आलेलं. म्हणून जी-६-पीडी कमी असलेल्या माणसाचं मेथहिमोग्लोबिन एरवी वाढलेलं नसतं. मात्र विषबाधेत ते अचानक चढलं आणि उपचार म्हणून मेथिलीन ब्लू दिलं, तर गणित पालटतं. काम करण्याआधी या औषधाला स्वतः क्षपित व्हावं लागतं, म्हणजे इलेक्ट्रॉन घ्यावे लागतात, आणि त्यासाठी एनएडीपीएच लागतं. ज्याच्याकडे एनएडीपीएचचा पुरवठाच तोकडा, त्याला औषध लागू पडत नाही आणि वर रक्तविघटन, म्हणजे तांबड्या पेशी फुटणं, होण्याचा धोका असतो. एका फॉस्फेटचा फरक तो एवढा.

‘एका ग्लुकोजमागे १२ एनएडीपीएच’

हा आकडा पुस्तकात असतो, पण त्याची अट गाळली जाते. एक ग्लुकोज-६-फॉस्फेट मार्गाच्या पहिल्या, ऑक्सिडेटिव्ह टप्प्यातून एकदा गेलं की २ एनएडीपीएच मिळतात आणि पहिला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. १२ हा हिशेब सहा रेणू आत घालून पाच परत मिळवण्याचा आहे, म्हणजे उरलेल्या शर्करा उलट फिरून पुन्हा ग्लुकोज-६-फॉस्फेट झाल्या तरच तो जुळतो. कार्बन मोजून पाहण्याची सवय लावा: पाच कार्बनच्या तीन शर्करा म्हणजे १५, त्यातून सहा-सहाच्या दोन आणि तीनची एक. ट्रान्सकीटोलेज दोन कार्बनचा तुकडा हलवतं, ट्रान्सअल्डोलेज तीनचा. बेरीज चुकली तर बहुधा हे दोघे एकमेकांच्या जागी गेलेले असतात.

ट्रान्सकीटोलेजला थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) लागतं. म्हणून ‘थायमिन नसेल तर एनएडीपीएच बनत नाही’ असंही कोणीतरी लिहितंच. थायमिनचा संबंध दुसऱ्या, बिनऑक्सिडेटिव्ह टप्प्याशी आहे. एनएडीपीएच त्याआधीच बनून झालेलं असतं.

आणखी एक: पेशीत रायबोज वाढलं म्हणजे ऑक्सिडेटिव्ह टप्पा वाढला असं नाही. दुसरा टप्पा उलटा चालू शकतो, आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशी ग्लायकोलिसिसमधल्या शर्करांपासून मागच्या दाराने रायबोज बनवतात. त्यात एनएडीपीएच मिळत नाही.

ग्लुटाथायोनची साखळी उलटी लावणं

‘एनएडीपीएच हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करतं.’ थेट नाही. पेरॉक्साइडशी झुंजतं ते ग्लुटाथायोन, पेशीतला एक छोटा रेणू, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजच्या मदतीने. दोन ग्लुटाथायोन एकमेकांना जोडले जातात आणि पेरॉक्साइडचं पाणी होतं. ही जोडी पुन्हा सुटी करतं ग्लुटाथायोन रिडक्टेज, आणि एनएडीपीएच खर्च होतं ते इथे. थायोरेडॉक्सिनची समांतर साखळीही शेवटी एनएडीपीएचकडेच हात पसरते. पेरॉक्सिडेज आणि रिडक्टेज यांची अदलाबदल ही उत्तरपत्रिकेतली सर्वांत नेहमीची चूक. कोण पेरॉक्साइडशी भिडतं आणि कोण पुन्हा शस्त्र भरून देतं, एवढं विचारलं की नावं आपोआप जागेवर बसतात.

सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं तिखट रूप निपटणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्युटेजला मात्र एनएडीपीएच लागत नाही. पेरॉक्साइड थेट फोडणाऱ्या कॅटलेजलाही अभिक्रियेसाठी लागत नाही, पण त्याच्या चारही उपघटकांना एकेक एनएडीपीएच घट्ट चिकटलेलं असतं आणि ते एन्झाइमला निकामी होण्यापासून वाचवतं. ही बारीकशी गोष्ट मला फार आवडते. ‘कॅटलेज आहे ना, मग जी-६-पीडीची गरज काय?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

‘ऑक्सिडंट वाईट, अँटिऑक्सिडंट चांगले’

न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतू गिळते तेव्हा एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम याच मार्गातलं एनएडीपीएच वापरून मुद्दाम सुपरऑक्साइड तयार करतं. ढाल आणि तलवार एकाच लोखंडाची. हे ऑक्सिडेज जन्मतः बिघडलेलं असेल तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज होतो आणि वारंवार गंभीर संसर्ग होतात. पेरॉक्साइड थोड्या प्रमाणात निरोपही पोचवतं: कीप-१ या प्रथिनाचे सिस्टीन बदलले की एनआरएफ-२ हे जनुकं चालू करणारं प्रथिन मोकळं होतं आणि ग्लुटाथायोन बनवणाऱ्या जनुकांबरोबर जी-६-पीडीचं जनुकही जोमाने वाचलं जातं.

वरून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या ओतल्या म्हणजे ही यंत्रणा बळकट होते, हे गृहीत धरणं महागात पडलं आहे. फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. आणि जी-६-पीडी कमी असलेल्या व्यक्तीला शिरेतून मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व दिलं तर तेच पेरॉक्साइड निर्माण करून तांबड्या पेशी फोडू शकतं.

जी-६-पीडीची कमतरता: चाचणी बरोबर, वेळ चुकीची

जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही कमतरता असल्याचा अंदाज आहे. बहुतेकांना एरवी काहीच त्रास नसतो. इतर पेशींना एनएडीपीएच मिळवायला आणखी वाटा आहेत. तांबड्या पेशीला हीच एक भरवशाची वाट, आणि केंद्रक नसल्यामुळे झिजलेलं एन्झाइम नव्याने बनवायची सोयही नाही. १९५६ साली प्रायमाक्विन या हिवतापाच्या औषधामुळे ज्यांच्या रक्तपेशी फुटत त्यांच्यात हे एन्झाइम कमी असतं हे उघड झालं. निवांत असताना पेशी धकवून नेते, मागणी वाढली की उघडी पडते.

इथली सर्वांत मोठी चूक अशी: रुग्णाच्या पेशी फुटल्या, कावीळ झाली, शंका आली आणि लगेच चाचणी केली. निकाल आला ‘सामान्य’. निकाल खोटा नव्हता. एन्झाइम पेशीच्या वयाबरोबर झिजतं, त्यामुळे हल्ल्यात आधी म्हाताऱ्या पेशी गेल्या आणि रक्तात उरल्या त्या तरुण पेशी, ज्यांच्यात एन्झाइम अजून बरंच आहे. म्हणजे तपासले गेले फक्त वाचलेले. नुकतंच रक्त चढवलं असेल तर दात्याचं एन्झाइम मोजलं जातं. शंका पक्की असेल तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात, आणि तोवर डॉक्टर कमतरता आहे असं धरूनच औषधं निवडतात.

दुसरी चूक स्त्रियांच्या बाबतीत. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे म्हणून ‘स्त्रिया फक्त वाहक’ असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्येक पेशीत एकच एक्स चालू असतो, त्यामुळे अशा स्त्रीच्या रक्तात दोन प्रकारच्या तांबड्या पेशी शेजारी शेजारी फिरतात: काही पूर्ण सक्षम, काही पूर्ण दुबळ्या. एन्झाइमची सरासरी क्रिया ५० टक्के आली तरी दुबळ्या पेशी दुबळ्याच. प्रकाशणाऱ्या ठिपक्याची सोपी चाचणी एन्झाइमची क्रिया सामान्याच्या साधारण ३० टक्क्यांखाली असेल तरच कमतरता पकडते, मधल्या पट्ट्यातल्या स्त्रिया तिच्यातून निसटतात. टॅफेनोक्विनसारखं हिवतापाचं औषध देण्याआधी ७० टक्क्यांहून जास्त क्रिया हवी असते, म्हणून तिथे आकडा देणारीच चाचणी लागते.

भाषांतराचीही एक चूक सांगतो. या कमतरतेत ज्या शेंगेच्या बियांमुळे रक्तविघटन होतं ती फावा, म्हणजे बाकला. लेखांत तिचा कधी ‘घेवडा’ होतो, कधी ‘पावटा’. त्या वेगळ्या वनस्पती आहेत. व्हायसिन आणि कॉनव्हायसिन ही घातक द्रव्यं बाकल्यात असतात.

प्रयोगशाळेत आकडे जुळत नसतील तर

जी-६-पीडीची क्रिया ३४० नॅनोमीटरला एनएडीपीएच वाढताना पाहून मोजतात. क्रिया अपेक्षेपेक्षा जास्त, कधी दुपटीच्या आसपास येत असेल, तर पुढचं एन्झाइम तपासा. पहिल्या अभिक्रियेतून बनलेलं ६-फॉस्फोग्लुकोनेट नमुन्यातलंच दुसरं डिहायड्रोजनेज वापरतं आणि तेही एनएडीपीएच देतं. उपाय जुना आहे: एका नळीत ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि ६-फॉस्फोग्लुकोनेट दोन्ही, दुसरीत फक्त ६-फॉस्फोग्लुकोनेट, आणि वजाबाकी. रक्ताच्या नमुन्यात पांढऱ्या पेशी राहिल्या तरी आकडा फुगतो, कारण त्यांच्यात हे एन्झाइम भरपूर असतं.

एनएडीपी आणि एनएडीपीएच एकाच अर्कातून मोजायचा मोह आवरा. आम्लात एनएडीपीएच नष्ट होतं, अल्कलीत एनएडीपी. दोन वेगळे अर्क करावे लागतात.

ग्लुटाथायोनचं गुणोत्तर मोजणाऱ्यांनी तर कागदावर एक साधा हिशेब करून पाहावा. निरोगी पेशीत सुट्या ग्लुटाथायोनचे १०० रेणू असतील तर जोडलेला जेमतेम एखादा. नमुना फोडताना हवेने १०० पैकी फक्त २ ऑक्सिडाइज झाले तरी जोडलेल्यांची संख्या दुप्पट होते, आणि तुम्ही आनंदाने ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ असं लिहून टाकता. सुटं ग्लुटाथायोन पेशी फोडतानाच, त्याच क्षणी बांधून टाका. एन-इथाइलमॅलेइमाइड वापरलंत तर मोजणीआधी त्याचा उरलेला अंश काढायला विसरू नका, कारण चाचणीतल्या ग्लुटाथायोन रिडक्टेजलाही ते मारतं.

डीसीएफ या रंगाची चमक दिसली की ‘पेरॉक्साइड वाढलं’ म्हणायची घाई नको. त्याचा मूळ रंगहीन रेणू पेरॉक्साइडशी थेट जवळपास भिडतच नाही, मधे लोह किंवा पेरॉक्सिडेज लागतं. पेशीतलं मोकळं लोह बदललं तरी चमक बदलते.

आणि पेरॉक्साइड घालूनही पेशींना काहीच होत नसेल, तर माध्यमाच्या बाटलीवरचं लेबल वाचा. त्यात पायरुवेट असेल तर ते कुठल्याही एन्झाइमशिवाय पेरॉक्साइड गिळतं. पेशींची दाटी जास्त असेल तर त्या सगळ्या मिळून काही मिनिटांत ते संपवतात. म्हणून नोंदवहीत नुसती मात्रा लिहू नका, दर पेशीमागे किती पेरॉक्साइड पडलं तेही लिहा.