नोट आधी बोटांनी, मग मोबाइलने

दृष्टिहीन मुलाला पैसे ओळखायला शिकवताय? रिझर्व्ह बँकेचं 'मनी' हे मोफत ॲप फोनवर घ्या. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ते किंमत बोलून सांगतं, मराठीतही, आणि इंटरनेट लागत नाही. पण फोन लगेच मुलाच्या हाती देऊ नका. आधी त्याला बोटांनी ठरवू द्या, ॲप फक्त उत्तर तपासायला. नव्या नोटांवर कडेला उठावाच्या तिरप्या रेषा असतात: शंभरावर 4, पाचशेवर 5. दोनशेवरही 4च, पण त्यांच्यात दोन लहान वर्तुळं. लांबीही वेगळी, शंभराची 142 मिलिमीटर, पाचशेची 150. आठ मिलिमीटरचा फरक एकावर एक ठेवल्यावरच बोटाला लागतो, म्हणून दोन्ही नोटा डावी कड जुळवून धरायला शिकवा. सरावाला कोऱ्या नोटा घ्या; हाताळून मऊ झालेल्या नोटेवरचा उठाव जातो आणि मूल उगाच हिरमुसतं. ओळख पक्की झाली की दुकान-दुकान खेळा, 65 रुपयांच्या बिलाला शंभराची नोट, उरलेले त्यानेच मोजून घ्यायचे. एक मात्र त्याला स्पष्ट सांगा: नोट खरी की खोटी, हे ॲप सांगत नाही.