ध्रुवीय प्रकाशाचे फोटो काढताय? या चुका टाळा

सप्टेंबर लागला की ध्रुवीय प्रकाश (अरोरा) बघायला नाशिकहून नॉर्वेला निघालेल्यांचे फोन सुरू होतात. "ताई, सेटिंग तेवढं सांगा ना." सांगते: अ‍ॅपर्चर २.८, आयएसओ १६०० ते ३२००, शटर ५ ते १० सेकंद. पण फोटो सेटिंगपायी क्वचितच जातात. जातात ते फोकसपायी.

लेन्सवर आडव्या आठची, म्हणजे अनंत अंतराची, खूण असते. रिंग तिथे नेली की तारे स्पष्ट येणार, हा समज आधी सोडा. बऱ्याच लेन्सची रिंग त्या खुणेच्याही पुढे फिरते. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरातल्या पहिल्या रात्री मी खुणेवर भरवसा ठेवला. अकराच्या सुमारास हिरवा पट्टा उत्तरेकडून उठला, डोक्यावर आला आणि वाऱ्यावरच्या पडद्यासारखा हलू लागला. मी दोनशेच्या वर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा स्क्रीनवर सगळे सुरेख दिसत होते. हॉटेलवर लॅपटॉपवर उघडले, तर प्रत्येक तारा भिजलेल्या साबुदाण्यासारखा फुगलेला. पुढच्या तिन्ही रात्री ढग होते. त्या पहिल्या रात्रीचा एकही फोटो मी आजवर छापून घेतलेला नाही.

आता ऑटोफोकस बंद करूनच सुरुवात करते. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, ठळक तारा धरायचा, दहापट मोठा करायचा आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग अगदी हळू फिरवायची. मग रिंगवर मेडिकलमध्ये मिळते ती कागदी चिकटपट्टी. तरीही अर्ध्या तासाने एक फोटो मोठा करून बघतेच, कारण थंडीत फोकस सरकतो.

हे सगळं इथेच शिकून जा. डिसेंबरच्या अमावास्येला अंजनेरीच्या पायथ्याशी मृग नक्षत्रावर फोकस साधा. निफाडच्या थंडीत हातमोजे घालून, टॉर्च न पेटवता बटणं चाचपा. दोन रात्री मागितल्या की लोक म्हणतात, वेळ नाही. लाखो रुपये आणि आठवडाभराची रजा घालवणाऱ्यांनी असं म्हणावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यूव्ही फिल्टर काढून ठेवा. हा हिरवा रंग ऑक्सिजनचा, जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५५७.७ नॅनोमीटरचा. फिल्टर आणि लेन्सच्या काचांमध्ये तो परावर्तित होतो आणि फोटोच्या मधोमध एकात एक कडी उमटतात. नंतर ती सहजी पुसता येत नाहीत.

प्रकाश जोरात नाचत असेल तर शटर २ ते ४ सेकंदांवर आणा, नाहीतर पडद्याच्या चुण्या जाऊन नुसता हिरवा धूर उरतो. कॅमेऱ्याची जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा.

केपी म्हणजे भूचुंबकीय हालचाल किती जोरात आहे ते सांगणारा ० ते ९ चा आकडा. केपी ५ची वाट बघत खोलीत बसू नका. ट्रॉम्सोसाठी आकाश मोकळं असेल तर केपी २ सुद्धा पुरतो. ढगांचा अंदाज आधी बघा.

शेवटची चूक परतताना होते. उणे १५ अंशांतून कॅमेरा थेट गरम खोलीत नेला की लेन्सवर, आतल्या भागांवर दव धरतं. मी बाहेरच कॅमेरा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधते आणि दोन तास सोडत नाही. कार्ड त्याआधीच काढून खिशात टाकते, म्हणजे फोटो बघायच्या घाईत पिशवीला हात जात नाही.