रीस्टार्टनंतर ऑफिसचा पीसी रखडतोय? आधी ‘लिंक स्पीड’ बघा

नवी मुंबईचं महापे असो की ठाण्याचं वागळे इस्टेट, पीसी रीस्टार्ट झाल्यावर नेट रखडलं की पहिला फोन इंटरनेटवाल्याला जातो. त्याआधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेट (केबलचं नेट) उघडून ‘लिंक स्पीड’, म्हणजे पीसी आणि स्विच यांच्यातला वेग, वाचा. (स्विच म्हणजे ऑफिसच्या नेटच्या केबल जिथे जोडतात तो डबा.) १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसलं आणि स्विच गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) असेल, तर दोष बहुधा केबलमध्येच आहे.

रीस्टार्ट होताना नेटवर्क कार्ड आणि स्विच वेग नव्याने ठरवतात. १००० ला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारपैकी एखादी तार सैल झाली तरी नेट बहुधा बंद पडत नाही, नुसतं मंदावतं. म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. प्लग काढून नीट बघा: पिना काळवंडल्यात का (दमट हवेत हे होऊ शकतं), क्लिप तुटलीय का, खुर्चीच्या चाकाखाली केबल चेपलीय का. मग चांगली केबल लावून बघा, नंतर स्विचचा दुसरा पोर्ट.

वेग १००० च असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाचं ‘एनर्जी एफिशिएंट इथरनेट’ (वीज वाचवायची सोय) बंद करून पाहा. ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ मात्र ऑटोवरच राहू द्या. पीसीवर १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) पक्कं केलं, की ऑटोवरचा स्विच हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच) धरतो आणि वेग आणखी ढासळतो.