भटक्या मिडफिल्डरचं करिअर कसं वाचायचं

वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यातली पोरं गोव्यात फुटबॉलच्या ट्रायलला जातात आणि परत आली की विचारतात, दादा, मेस्सीसारखं खेळायला काय करू? मेस्सी बघाच, पण शिकायचं असेल तर युराय कुत्स्कासारख्या माणसाचं करिअर वही घेऊन वाचा. स्लोव्हाकियाचा मिडफिल्डर (मधल्या फळीत खेळणारा), जन्म 1987 चा, देश जेमतेम 54 लाख लोकांचा, आणि हा गडी देशासाठी 100 च्या वर मॅचेस खेळलाय. स्टार कधीच नव्हता, पण त्याला कामावर बोलवायला कायम कोणीतरी तयार होतं, आणि आपल्या पोरांनी नेमकं हेच समजून घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

वहीत चार रकाने पाडा. वर्ष, क्लब, लीग, आणि चौथा म्हणजे तेव्हा त्या क्लबची अवस्था काय होती. पहिले तीन इंटरनेटवर मिनिटभरात मिळतात: रुझोम्बेरोक, मग स्पार्टा प्राग (2009-10 ला चेक लीग जिंकली), जानेवारी 2011 ला इटलीत जेनोआ, 2015 ला मिलान, 2017 ला तुर्कस्तानात ट्राब्झोनस्पोर, जानेवारी 2019 ला पार्मा, 2021 ला इंग्लंडात वॉटफर्ड, 2022 ला परत घरी स्लोव्हान ब्रातिस्लावा. खरी मेहनत चौथ्या रकान्यात आहे आणि तोच लोक रिकामा सोडतात.

पार्माचंच बघा. 2015 ला क्लब दिवाळखोरीत गेला, चौथ्या डिव्हिजनला फेकला गेला, तिथून सलग तीन प्रमोशन घेऊन 2018 ला परत सेरी ए मध्ये, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आला, आणि त्या पहिल्याच सीझनच्या मध्यावर त्यांनी बत्तिशीला आलेल्या कुत्स्काला आणलं. का आणलं असेल? तरणाबांड हिरा शोधायला वेळ नव्हता, इटालियन लीग आधीच पाठ असलेला, पहिल्या दिवशी उतरवता येईल असा माणूस हवा होता. मिलानचंही तसंच, आदल्या सीझनला दहावे आले होते, नवा कोच मिहायलोविच त्याच उन्हाळ्यात सांपदोरियातून आलेला, म्हणजे जेनोआच्याच शहरातला दुसरा क्लब. समोरच्या टीममधला हा दांडगा मिडफिल्डर त्याने जवळून बघितलेला असणारच, असा माझा अंदाज.

तारखा वाचताना ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांना खेळाडू घेता-देता येतात तो ठरलेला काळ, डोक्यात ठेवा. मोठी विंडो आपल्याकडे मिरग लागतो त्या सुमाराला उघडते आणि ऑगस्टअखेर, कुठे सप्टेंबरात बंद होते, छोटी जानेवारीत, आंब्याला मोहोर असतो तेव्हा. उन्हाळ्यातली खरेदी बहुतेक प्लॅनिंगची, जानेवारीतली बहुतेक गरजेची, कोणीतरी जायबंदी झालेलं असतं नाहीतर टीम खाली घसरत असते. त्यामुळे कोणाच्या नावापुढे जानेवारी परत परत दिसला तर समजा की अडचणीत आठवण येणारा माणूस आहे.

गोलांच्या आकड्यावर तर मिडफिल्डर तोलूच नका. 24 जून 2010, जोहान्सबर्ग, वर्ल्ड कप, समोर 2006 चे चॅम्पियन इटली. इटलीच्या डी रॉसीचा पास चुकला, कुत्स्का आधीच तिथे उभा होता, बॉल घेतला आणि लगेच पुढे व्हिटेकला सरकवला, गोल. स्लोव्हाकिया 3-2 ने जिंकली, इटली घरी गेली, पेपरात नाव व्हिटेकचं. सहा-सात महिन्यांत इटलीच्याच जेनोआने कुत्स्काला उचललं, मला काही हा नुसता योगायोग वाटत नाही. युरो 2024 ला रोमानियाविरुद्ध स्लोव्हाकियाच्या दुदाचा हेडर गोलमध्ये गेला तोही ह्याच्याच क्रॉसवर.

म्हणून हायलाइट्स नको, फुल मॅच लावा आणि पंधरा मिनिटं बॉल सोडून फक्त ह्या एका माणसाकडे बघा. पास यायच्या आधी मान किती वेळा मागे वळते, आपला बॅक पुढे गेला की रिकामी जागा कोण भरतं, बॉल गेल्यावर पहिली तीन पावलं कुठल्या दिशेला पडतात. हे सगळं मोजा आणि वहीत लिहा. इटलीची रात्रीची 8:45 ची मॅच आपल्याकडे सव्वाबाराला लागते आणि तिकडच्या हिवाळ्यात सव्वाएकला, दुसऱ्या दिवशी शाळा-कॉलेज असेल तर रेकॉर्डेड बघा, काही बिघडत नाही.

रेलिगेशन, म्हणजे टीम खालच्या लीगमध्ये गेलेली, दिसलं की लगेच फुली मारू नका. 2020-21 ला पार्मा शेवटची आली, पुढच्या सीझनला वॉटफर्डही खाली गेली. पण त्याच वॉटफर्डने एव्हर्टनला त्यांच्या घरात 5-2 ने हरवलं तेव्हा 2-2 चा हेडर कुत्स्काचाच होता. आणि नंतर स्लोव्हानबरोबर लीग जिंकून 37 व्या वर्षी हा माणूस चॅम्पियन्स लीगमध्ये होता. तिथे आठच्या आठ मॅचेस हरले हेही वहीत लिहा, लपवायचं कशाला.

आता पैशाचं, हे क्लब चालवणाऱ्या काका-मामांसाठी. 1995 च्या बोसमन निकालापासून युरोपात कॉन्ट्रॅक्ट संपलं की खेळाडू मोकळा, आणि शेवटच्या सहा महिन्यांत तो दुसऱ्या क्लबशी बोलणी करू शकतो. तसंच खेळाडू पैसे मोजून परदेशी क्लबमध्ये गेला तर फिफाच्या नियमाप्रमाणे ट्रान्सफर फीचे 5 टक्के त्याला 12 ते 23 वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. पण नोंदच नसेल तर तुमचा हिस्सा सिद्ध कसा करणार? तेव्हा पोराचं एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघ) सीआरएस ह्या खेळाडू नोंदणीच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये रजिस्ट्रेशन करा, जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा, आणि पोरगं गोव्याच्या क्लबला गेलं तर ट्रान्सफरही सिस्टिममधूनच करा, तोंडी नको.