नव्या युद्धनौकांसाठी तळबंदर कसे सज्ज करावे
नवी युद्धनौका तळबंदरात आणण्यापूर्वी धक्क्यालगतच्या पाण्याची खोली मोजून घ्यावी. तीही भरतीची नव्हे, तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या ओहोटीची, कारण नौकेच्या तळाशी बसवलेल्या सोनारच्या (ध्वनिलहरींनी पाण्याखालचा वेध घेणाऱ्या यंत्रणेच्या) घुमटाखाली पुरेसे पाणी उरत नसेल, तर गाळ उपसण्यावाचून गत्यंतर नसते. त्यानंतर वीजपुरवठा तपासावा. अनेक युद्धनौकांची यंत्रणा ६० हर्ट्झवर चालते. किनाऱ्यावरची वीज ५० हर्ट्झची असल्यास वारंवारता बदलणारे संच आधीच बसवावेत, अन्यथा बंदरातही नौकेचे जनित्र अखंड चालवावे लागते. दारूगोळा वस्तीपासून सुरक्षित अंतरावरच चढवावा. नौसैनिकांच्या कुटुंबांची घरे मात्र नौका येण्याआधीच तयार हवीत. हे काम मागे ठेवणे मला मुळीच मान्य नाही.