पोळलेल्या माणसापाशी बसायचं कसं

आमच्या ख्रिस्ती मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण पोरं उत्साहानं म्हणतात, "सिस्टर, आम्हाला पण दवाखान्यात भेटीला न्या." मी आधी बॅग उघडायला लावते. आत धर्माच्या पत्रिकांचा गठ्ठा असतो, गीतांची वही असते, एखाद्याकडे प्रार्थनेच्या तेलाची बाटली. ते सगळं घरी ठेवा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आवारात लागतं ते वेगळं: पाण्याची बाटली, बिस्किटाचे पुडे, पेन, मोबाइलचा चार्जर आणि झेरॉक्ससाठी सुट्टे पैसे.

मी नर्स होते, आता रिटायर आहे. वॉर्डाबाहेर पायरीवर बसलेल्या माणसाची पहिली अडचण देवाची नसते, एवढं नोकरीत पक्कं कळलं. महात्मा फुले या सरकारी मोफत उपचार योजनेचा आरोग्यमित्र कुठं बसतो, ही त्याची पहिली अडचण. रेशन कार्ड गारगोटीच्या पुढं गावात राहिलेलं असतं आणि पुतण्या फोन उचलत नसतो. तुम्ही त्या टेबलापर्यंत सोबत चाला. रांगेत उभे राहा, त्यांना तेवढ्यात चहा पिऊन येऊ द्या. 2019 च्या पुरानंतर आंबेवाडी-चिखलीकडं आमची माणसं घरातला चिखल काढायला गेली होती. सुवार्तेचा, म्हणजे येशूच्या संदेशाचा, शब्द कुणी काढला नव्हता. त्यातल्या काही घरांतून अजून फोन येतात, आणि देवाचे प्रश्न तिथले लोक स्वतःहून विचारतात.

बसल्यावर काय बोलायचं, हे सगळ्यांना हवं असतं. फार काही नाही. "जेवलासा का?" हा कोल्हापुरात कुठल्याही जातिधर्माच्या माणसाला विचारता येणारा प्रश्न आहे, तिथून सुरुवात करा. मग गप्प बसा. बायबलमधल्या दुःखानं पिचलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, तोवर सगळं बरोबर चाललं होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. अम्माऊस गावाच्या वाटेवर तर मरणातून उठलेल्या प्रभू येशूला सगळं ठाऊक होतं, त्याच्याच मरणाची गोष्ट होती ती, तरी त्यानं वाटेवरच्या दोन शिष्यांना विचारलं की काय बोलताय, आणि त्यांचं पुरतं ऐकून घेतलं. आपण मात्र समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडून बायबलचं वचन सांगायला लागतो. हे मला अजिबात सहन होत नाही, आणि भेटीहून परतताना मी ते तोंडावर सांगते.

एकदा राधानगरीकडच्या एक मावशी भेटल्या. मुलाचा मोटरसायकलवर अपघात, तो आत आयसीयूत. अंबाबाईची ओटी भरून झाली होती, जोतिबाला नवस बोलून झाला होता, कुणीतरी दिलेला ताईत मनगटावर होता. मला म्हणाल्या, "मी कुणाच्या वाइटावर गेलो न्हाई, सिस्टर. मग माझ्याच पोराला का?" इथे दोन खड्डे असतात. एक, ताईताकडे बघून तोंड वाकडं करणं. घाबरलेल्या आईनं जिथं हात पोचला तिथं धरलं, त्यावर तुम्ही बोलायचं काही कारण नाही. त्यांच्या देव्हाऱ्याबद्दलही वावगा शब्द नको, आज नको आणि पुढेही नको. दुसरा खड्डा म्हणजे कारण सांगणं. बायबलात योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाकडे बघून हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, ह्याचं की आईबापांचं? येशूनं दोन्ही नाकारलं. मी मावशींना तेवढंच सांगितलं, की मी ज्याला मानते त्याला हाच प्रश्न विचारला होता आणि त्यानं आईबापाला दोष दिला नाही. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आणि काय म्हणला त्यो?" बोलावणं असं आलं की मगच पुढे जायचं.

प्रार्थना विचारून करायची: "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? काय मागू?" आंधळ्या बार्तिमयाला काय हवंय ते दिसतच होतं, तरी येशूनं त्याला विचारलं. नको म्हणाले तर विषय तिथंच संपला, तुम्ही मात्र लगेच उठून जाऊ नका. हो म्हणाले तर चार वाक्यं, हळू आवाजात, त्यांच्या बोलीत. "हे सर्वसमर्थ परमपित्या" अशी मंचावरची भाषा वॉर्डात ओळखीची वाटत नाही. आजूबाजूला दुसरे पेशंट असतात, त्यामुळे गाणं, टाळ्या काही नको. पोराला उद्या शुद्ध येईल असं वचन देवाच्या नावानं देऊन टाकू नका.

शोधणाऱ्या माणसाला वाचायला काय द्यायचं? मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा. सोळाच अध्याय, चार शुभवर्तमानांत सगळ्यात लहान. त्यासोबत मी बायबलमधल्या स्तोत्र 13 आणि 88 वर खूण करून देते. तेराव्याची सुरुवातच "कुठवर?" अशी आहे, आणि अठ्ठ्याऐंशी तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही नाही. लोक चकित होतात, देवाला असं बोलता येतं? मंडळीतच वाढलेले पण मनानं तुटलेले आपले लोक तर जास्तच चकित होतात, कारण लहानपणापासून त्यांनी फक्त आनंदाची गीतं म्हटलेली असतात.

इचलकरंजीचा एक यंत्रमागावरचा मुलगा आला होता, भावानं जीव दिला होता. त्यानं थेट विचारलं, "त्यो नरकात गेला का?" अशा वेळी सिद्धांताची वही उघडू नका. निवाडा माझ्याकडे नाही, मित्र लाजारसाच्या कबरेपाशी रडलेला प्रभू मला माहीत आहे, एवढंच मी म्हणाले. नंतर त्यालाच विचारलं, "तुझ्या मनात मरायचं येतंय का?" हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारायचा. विचारल्यानं डोक्यात ते भरतं ही चुकीची समजूत आहे, उलट माणूस सुटल्यासारखा बोलतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या कुणाला तरी बोलवायचं आणि तिथूनच 14416 ला फोन लावायचा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनाही, कळवा. अशा ठिकाणी फक्त प्रार्थनेवर सोडणं ही श्रद्धा नव्हे, हलगर्जीपणा आहे.

गोळ्यांचंही तसंच. "विश्वास ठेव आणि औषध बंद कर" असं आमच्यातल्या कुणी म्हटलं तर त्याची भेटीची सेवा त्याच दिवशी थांबते. बीपी असो, फिट असो, मनाचा आजार असो, डोस डॉक्टर ठरवतील. साप, विंचू किंवा कुत्रं चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे.

पैसे स्वतःच्या खिशातून देऊ नका, मंडळीच्या समितीकडून जाऊ देत. नोकरी, शाळेची फी, दवाखान्याचं बिल असलं काही कबूल करून माणूस उपासनेला आणायचा नाही. फोटो काढायचा नाही. बाईकडे बाई जाते, निदान दोघं मिळून जातात.

ऐकलेलं बाहेर जातं कुठून, हेही सांगते. बुधवारच्या प्रार्थनासभेतून. "शाहूपुरीतल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करा, नवरा दारू पिऊन मारतो", असं म्हटलं की रात्रीपर्यंत अख्ख्या ग्रुपवर तिचं नाव असतं. प्रार्थनेचा विषय म्हणून केलेली चुगली ही चुगलीच. तिला विचारल्याशिवाय एक अक्षर सांगू नका. मारहाण होत असेल तर तिला 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्या, आणि नंबर तिच्या मोबाइलमध्ये नवऱ्याला कळणार नाही अशा नावानं सेव्ह करून द्या.

तेराव्यानंतर घर रिकामं होतं, पाहुणे गेलेले असतात. खरी गरज तेव्हा. मरणाची तारीख वहीत लिहून ठेवा, दर महिन्याला त्या दिवशी चक्कर टाका, भाजी-भाकरी घेऊन जा आणि मागं राहिलेल्या बाईसोबत बसून जेवा.

एखादी बाई त्या दुःखाच्या भरात म्हणते, "मला बाप्तिस्मा द्या." आमचे पाळक लगेच तारीख देत नाहीत, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. रडणं ओसरू दे, झोप लागू दे, घरच्यांना माहीत होऊ दे, तिनं मार्क पुरता वाचू दे. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 साली. एकाच घरात मधे पाच वर्षं गेली, आणि त्या वर्षांतली ओढाताण दोघांनाही पुरली. आपल्या वार्षिक अहवालातला आकडा वाढावा म्हणून कुणाला घाई करायची नाही.

आणि ती पुन्हा जोतिबाला गुलाल उधळायला गेली, मंडळीत आलीच नाही, तरी तिच्या नातवाच्या बारशाला जायचं. आहेर नेहमीसारखाच न्यायचा.