व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह, तो पॅनलमध्ये बसवायचा कसा आणि वायरिंग कसं करायचं

ड्राइव्ह बसवणं फार अवघड नाही, पण चुकलं तर ड्राइव्ह तरी जातो नाहीतर माणूस, म्हणून ज्याला तीन फेजचं काम येतं त्यानेच हात घालावा आणि मॅन्युअल समोर उघडं ठेवूनच.

सगळ्यात आधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप आणि टॅग. आणि आता थांबायचं. जुना ड्राइव्ह काढायचा असेल किंवा नव्याला एकदा सप्लाय दिलेला असेल तर आतले कपॅसिटर चार्ज असतात, ४१५ व्होल्टच्या सप्लायवर डीसी बस (ड्राइव्हच्या आतला डीसीचा भाग) सुमारे ५८५ व्होल्टला असते आणि डिस्प्ले विझला तरी ती लगेच उतरत नाही. लेबलवर किती मिनिटं थांबायचं ते लिहिलेलं असतं, बहुतेक ५ ते १५, मोठ्या ड्राइव्हला जास्त, तेवढं थांबा आणि मग डीसी प्लस-मायनसवर मल्टिमीटर लावून जवळपास शून्य दिसतंय का बघा, मीटर नीट चालतोय ना हे आधी चालू सप्लायवर तपासून घ्या. घाई असली तरी ही पायरी गाळू नका, माझी कळकळीची विनंती आहे.

बसवताना ड्राइव्ह उभाच, धातूच्या प्लेटवर, वर आणि खाली साधारण १०० मिमी जागा मोकळी, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. पॅनलला भोकं ड्राइव्ह बसवायच्या आधीच पाडा, कारण लोखंडाचा एक कीस जरी आत पडला तरी शॉर्ट होऊ शकतो. उष्णतेचा हिशोब पण करा, साधारण ३ टक्के पॉवर उष्णता होऊन बाहेर पडते म्हणजे १५ किलोवॅटचा ड्राइव्ह ४५० वॅटच्या आसपास तापवतो, बंद डब्यात ती जाणार कुठे? पॅनलमधलं तापमान ४० डिग्रीच्या वर जात असेल किंवा जागा समुद्रसपाटीपासून १००० मीटरपेक्षा उंच असेल तर बहुतेक ड्राइव्हची क्षमता कमी धरावी लागते.

आता पॉवर वायरिंग. सप्लाय आर, एस, टी ला आणि मोटर यू, व्ही, डब्ल्यू ला. उलटं झालं, सप्लाय यू-व्ही-डब्ल्यूवर गेला की ड्राइव्ह जळालाच समजा. ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर अजिबात नकोत, आधीचा स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर चालू करताना तिचं कनेक्शन बदलणारा) असेल तर तो काढा आणि मोटरचं कनेक्शन नेमप्लेट बघून कायमचं करून टाका. मोटरचा कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) चालू ड्राइव्हवर उघडबंद होता कामा नये. वायरींच्या टोकांना लग किंवा फेरूल (दाबून बसवायची धातूची टोपणं) लावा, स्क्रू सांगितलेल्या टॉर्कनेच आवळा.

मोटरची केबल शिल्डवाली (वर धातूची जाळी असलेली) घ्या, शिल्ड दोन्ही टोकांना गोल क्लॅम्पने अर्थ करा, जाळीची नुसती शेपटी वळून बांधली की नॉइज (आजूबाजूच्या वायरींना होणारा विजेचा त्रास) कमी होत नाही. कंट्रोलच्या वायरी पॉवर केबलपासून २०० ते ३०० मिमी लांब ठेवा, कुठे ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात. अर्थिंगची वायर चांगली जाड हवी, ड्राइव्हचा लीकेज करंट (अर्थमध्ये झिरपणारा करंट) ३.५ मिलिअँपच्या वर जातो म्हणून १० चौरस मिमी तांब्याची किंवा मग दोन अर्थ वायरी. आणि मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणं) करायचा तर मोटर केबल ड्राइव्हपासून सोडवूनच, ड्राइव्हवर मेगर मारला की आतली इलेक्ट्रॉनिक्स गेली.

सगळं झालं की नेमप्लेटवरचे व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ आणि आरपीएम ड्राइव्हमध्ये भरा, मोटर लोडपासून सोडवून ५ हर्ट्झवर जरा फिरवून बघा. उलटी फिरली तर सप्लाय बंद करून पुन्हा तेवढंच थांबा, मग यू-व्ही-डब्ल्यूमधल्या कुठल्याही दोन वायरी बदला, इनपुटच्या बदलून काही होत नाही कारण आत सप्लायचं आधी डीसीच होतं. साधी पंखावाली मोटर खूप कमी स्पीडवर पूर्ण लोडने बराच वेळ चालवायची असेल तर तिचा स्वतःचा पंखा पुरत नाही, वेगळ्या सप्लायवर चालणारा पंखा बसवून घ्या आणि मोटरमधला थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर) ड्राइव्हला जोडा.